वाचकांचे प्रश्न : पदाविना सेवा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच दुखण्याची निघाली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काम करतो, पण नावापुढे काही लागत नाही. वडील (एल्डर) नाही, सेवक (डीकन) नाही, कमिटीत नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : बारा वर्षं खुर्च्या मांडतो, माईक लावतो, संडे स्कूलची मुलं सांभाळतो. परवाच्या निवडणुकीत कमिटीसाठी माझं नाव सुचवलं आणि मी पडलो. निवडून आलेल्यांतले एक जण दीड वर्षापूर्वी मंडळीत आलेले. "प्रभूसाठी करतोस ना, मग मनाला कशाला लावून घेतोस?" असं जो तो सांगतो. पण लागतं. उपासनेत मन रमत नाही. हे पाप आहे का?

वाईट वाटणं पाप नव्हे. ते दाबून ठेवलं की कुजतं, आणि मग खुर्च्या मांडताना त्यांचा आवाज जरा जास्तच व्हायला लागतो.

आधी दुखतंय नेमकं काय, ते शोधा. "पद मिळालं नाही" या तीन शब्दांखाली चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. एकटे बसा, कागद घ्या आणि पुढच्यापैकी कोणतं वाक्य वाचताना घसा दाटतो ते पाहा. "माझं काम कुणाच्या डोळ्यांत भरलंच नाही." "मला कुणी काही विचारत नाही, ठरल्यावर फक्त सांगतात." "मला फुकटात राबवून घेतात." "तो माझ्यामागून आला आणि पुढे गेला."

पहिलं दुखणं कौतुकाचं. त्यावर मत्तय सहाव्या अध्यायातला गुप्तपणे केलेलं पाहणारा पिता हा आधार आहे, पण तो आधार मनात मुरायला वेळ लागतो. दुसरं दुखणं रास्त असू शकतं. माईक तुम्ही लावता आणि नवा माईक कोणता घ्यायचा हे ज्यांनी कधी माईकला हात लावला नाही ते ठरवतात, तर यात बिघाड तुमच्या मनात नाही, कारभारात आहे. तो पाळकांशी बोलून सुटतो. तिसऱ्यासाठी याच सदरातला पुढचा एक प्रश्न वाचा. चौथं दुखणं मात्र मत्सराचं आहे, त्याला दुसरं गोंडस नाव देऊ नका. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात सकाळी आलेल्यांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळाली होती. संध्याकाळी आलेल्याच्या हातावरही तेवढीच मजुरी पडली हे पाहीपर्यंत त्यांची काही तक्रारही नव्हती.

आता समाधानाविषयी. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, आणि चौथ्या अध्यायात समाधानाबद्दल लिहिताना तो "मी शिकलो आहे" असं म्हणतो. शिकलो! म्हणजे हे त्याला जन्मजात नव्हतं, बाप्तिस्म्याबरोबर आपोआपही मिळालं नव्हतं. शिकण्याच्या गोष्टीला सराव लागतो आणि सरावात माणूस चुकतो. तेव्हा "अजून मला समाधान का नाही" या विचाराने आणखी अस्वस्थ होऊ नका.

तुमच्या परिस्थितीला अगदी जवळचा माणूस प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून कुणाला घ्यायचं याची अट अशी होती, की तो योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत बरोबर असलेला हवा. दोन नावं पुढे आली : बर्सबा म्हटलेला योसेफ आणि मत्थिया. दोघेही पात्र, दोघेही पहिल्यापासूनचे. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. योसेफ नालायक होता असं तिथे एका अक्षरानेही म्हटलेलं नाही. आणखी एक गंमत बघा : त्यानंतर नव्या करारात योसेफाचं नाव येत नाही, तसं मत्थियाचंही येत नाही. पद मिळालेला आणि न मिळालेला, दोघेही सारखेच नजरेआड गेले.

पुढचे चार आठवडे एवढं करून बघा. काम सोडू नका आणि वाढवूही नका, नेहमीचं तेवढंच. निवडून आलेल्यांना आठवड्याच्या आत भेटून अभिनंदन करा, कारण उशीर होईल तितकं जड जाईल. त्यांच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा, आणि ती त्यांना सुबुद्धी मिळावी अशी नको, त्यांच्या घरादारासाठी करा. मनातलं दुःख एकाच विश्वासू माणसाला सांगा. पाच जणांना सांगितलंत की तो गट होतो, आणि गटाला पुढारी लागतो. झोपण्याआधी स्तोत्र १३१ वाचा. तीनच ओव्या आहेत, दूध तुटलेल्या बाळाचं चित्र आहे. दूध तुटताना बाळ आधी रडतं हे लक्षात असू द्या.

यात हमखास होणारी चूक म्हणजे "मी नसलो की कळेल त्यांना" म्हणून एखादा रविवार दांडी मारणं. काम अडलं तर थोडा आनंद होतो, नाही अडलं तर दुप्पट दुःख. दोन्हीकडून तोटाच. कारण त्या दिवसापासून तुमची सेवा ही सौद्यातली वस्तू होते, आणि ते इतरांच्या आधी तुम्हालाच कळलेलं असतं. खरंच थकला असाल तर गोष्ट वेगळी. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा खाऊ घातलं, झोपू दिलं. तशी गरज असेल तर महिनाभर सुट्टी मागा, पण सांगून, तारीख ठरवून आणि बदली माणूस देऊन.

प्रश्न : पदाची इच्छा धरणंच चूक आहे का? मला वडील व्हावंसं वाटतं.

नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच अशी, की अध्यक्षाच्या (मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या) कामाची जो इच्छा धरतो तो चांगल्या कामाची इच्छा धरतो. शब्द "काम" आहे. पुढे दहाव्या ओवीत सेवकांबद्दल म्हटलंय की त्यांची आधी पारख व्हावी. पारख कशात होणार? अर्थातच आधीच्या, नाव नसलेल्या कामात.

एक साधी कसोटी सांगतो. वडिलांना जे करावं लागतं त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग डोळ्यांपुढे आणा : रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका, दोन घराण्यांचं भांडण, हिशेबातला न लागणारा फरक. तो भाग हवासा वाटतो का? की फक्त पुढची खुर्ची? याकोब आणि योहान या शिष्यांनी येशूच्या उजवी-डावीकडची जागा मागितली तेव्हा बाकीचे दहा शिष्य चिडले असं मार्क सांगतो. ते नम्र होते म्हणून चिडले असं काही वाटत नाही.

प्रश्न : माझी नोकरी पाळीची आहे. बैठकांना येता येत नाही म्हणून कोणतीच जबाबदारी मिळत नाही. पदाशिवाय काय करता येईल ते उपदेश न करता नेमकं सांगा.

नेमकं सांगतो. तीन कामं अशी आहेत की ज्यांना पद लागत नाही, पाळीच्या वेळेत बसतात आणि बहुतेक मंडळ्यांत अर्धवट पडून असतात. तिन्ही एकदम धरू नका. एक धरा, सहा महिने करा.

आजाऱ्याची भेट. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा. पंधरा मिनिटं बसा. आजारी माणूस उत्साहाने बोलत असला तरी वीसच्या पुढे जाऊ नका, त्याचा थकवा तुम्ही गेल्यावर कळतो. खाटेवर बसू नका, खुर्ची घेऊन त्याच्या नजरेच्या पातळीला बसा. उभं राहून बोललात की घाईत आहात असं वाटतं. निम्मा वेळ ऐका. वाचन छोटं असावं : स्तोत्र २३ सहा ओव्यांचं आहे, १२१ आठ ओव्यांचं, तेवढं पुरे. "प्रार्थना करू का?" असं विचारा आणि नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. प्रार्थना दोन मिनिटांची, साध्या बोलीत. निघताना पुढच्या भेटीची तारीख वहीत टिपा.

यात बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक, औषधाचा सल्ला : "माझ्या मेहुण्याला याने गुण आला." देऊच नका. दोन, देवाने हे का होऊ दिलं याचं स्पष्टीकरण. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्यापाशी सात दिवस गप्प बसले तोवर त्यांचं ठीक चाललं होतं. तीन, आजाराची बातमी प्रार्थनेच्या निमित्ताने चार घरी पोचवणं. त्या माणसाने स्वतः "सांगा" म्हटल्याशिवाय आजाराचं नावसुद्धा दुसऱ्याजवळ घेऊ नका. आणि वेळेचं गणित लक्षात घ्या : पहिल्या आठवड्यात गर्दी असते, तुमची खरी गरज महिन्यानंतर असते. मृत्यू झालेल्या घरी तर तिसऱ्या महिन्यात आणि वर्षश्राद्धासारख्या आठवणीच्या दिवशी जा. तेव्हा सहसा कुणी फिरकत नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने वडिलांना बोलावण्याची सूचना आहे, म्हणून घरच्यांची इच्छा असेल तर पाळकांना कळवा. तुम्ही त्यांच्या जागी जात नाही, त्यांच्या आधी किंवा नंतर जाता.

नवख्याची सोबत. उपासना संपल्यावरची पहिली दहा मिनिटं फार मोलाची असतात, आणि नेमकी तीच आपण ओळखीच्यांशी गप्पा मारण्यात घालवतो. त्या दहा मिनिटांत अनोळखी माणसाकडे जा. तुमचं नाव सांगा, त्याचं विचारा, घरी जाण्याआधी लिहून ठेवा. नोकरी, लग्न, मुलं हे विषय पहिल्या दिवशी नकोत. त्याची एकाच माणसाशी ओळख करून द्या. दहा जणांशी करून दिली तर त्याला एकही नाव आठवत नाही. पुढच्या रविवारी नावाने हाक मारा. एवढंच.

प्रार्थनेची वही. मंडळीची २८ कुटुंबं घ्या, आठवड्याच्या सात दिवसांत वाटा, रोज चार येतात. प्रत्येकी दोन-अडीच मिनिटं धरली तर दहा मिनिटांत होतं, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीतसुद्धा. मंडळी मोठी असेल तर २८ वर थांबा, सगळी घेण्याच्या नादात वही आठवड्याभरात मिटते. महिन्यातून एकदा त्यांतल्या एखाद्या घराला विचारा, "तुमच्यासाठी कशाविषयी मागू?" उत्तर आलं की तारखेसह लिहा.

पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी स्तेफनाच्या घराण्याचा उल्लेख केला आहे. त्या घराण्याने संतांच्या सेवेला स्वतःला वाहून घेतलं होतं, असं तो लिहितो. कुणी नेमल्याचा तिथे शब्द नाही. पुढच्याच ओवीत मंडळीला सांगतो, अशांच्या अधीन असा.

प्रश्न : नाताळच्या कार्यक्रमाची सगळी तयारी मी आणि माझ्या जावेने केली. आभार मानताना दुसऱ्याच ताईंचं नाव घेतलं. उठून सांगावं का?

त्या क्षणी नाही. सभेत दुरुस्ती केली की ज्यांचं नाव घेतलं त्या ताई उगाच अवघडतात, त्यांची काहीच चूक नसताना.

दोन-तीन दिवसांनी आभार मानणाऱ्याला एकट्यात सांगायला हरकत नाही, विशेषतः तुमच्या जावेच्या वतीने : "तिने चार रात्री शिवण केलं, तिला एक फोन केलात तर बरं वाटेल." दुसऱ्यासाठी मागितलेलं श्रेय मागताना जीभ अडखळत नाही, बघा करून. स्वतःसाठी मागायचं असेल तर एक रात्र थांबा, सकाळी तितकंच गरजेचं वाटलं तर बोला.

मार्थेची गोष्ट याच संदर्भात वाचा : येशू घरी आला तेव्हा ती कामात होती आणि बहीण त्याच्यापाशी ऐकत बसली होती. तिचं काम खोटं नव्हतं. लूक तिच्या कामासाठी "सेवा" हाच शब्द वापरतो. ती वैतागली ती बहिणीकडे बघून, आणि मग तिने प्रभूलाच म्हटलं की बहिणीला मदत करायला सांगा. सेवेतला कडवटपणा जवळजवळ नेहमी शेजारी बघण्यातून सुरू होतो. आणि रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय, जो आपण नावांची यादी म्हणून चाळून सोडतो, तो सावकाश वाचा. मरिया, त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस या चौघींबद्दल पौल एवढंच सांगतो की यांनी श्रम केले. कोणते ते लिहीत नाही. पण स्वतःच्या प्रेषितपणाच्या कष्टांसाठी तो करिंथकरांना लिहिताना जे क्रियापद वापरतो, तेच मूळ ग्रीकमध्ये या चौघींसाठी आहे.

प्रश्न : अभिषेक (पाळकपदाची दीक्षा) झालेला नाही तर घरी शास्त्राभ्यास घेणं योग्य आहे का? आमच्या वडिलांपैकी एकांना ते पसंत नाही.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन बहुतेक मंडळ्यांच्या शिस्तीत अभिषिक्तांकडे असतं. त्याला हात लावू नका. घरच्या अभ्यासाचा प्रश्न वेगळा. मार्टिन लूथरने १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना मांडलं की सगळे ख्रिस्ती एकाच आध्यात्मिक दर्जाचे आहेत, फरक फक्त नेमून दिलेल्या कामाचा आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर इथे १७८० साली संडे स्कूल सुरू करणारा रॉबर्ट रेक्स हा वर्तमानपत्र चालवणारा गृहस्थ होता, पाळक नव्हे. सुवार्तिक ड्वाइट मूडी यांचा कधीच अभिषेक झाला नाही. आणि त्या मूडींकडे १८५५ साली बोस्टनमधल्या जोड्यांच्या दुकानात, ते काम करत असताना, ख्रिस्ताविषयी बोलायला गेला तो त्यांचा संडे स्कूलचा शिक्षक, एडवर्ड किंबॉल. तो विद्यार्थी वर्गात यायची वाट बघत बसला नाही, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट.

तरीही परवानगी घ्या. त्या वडिलांना एक पान लिहून द्या : कोणत्या वारी, किती वाजता, कोणतं पुस्तक, किती आठवडे. "कायमचा अभ्यास" असं न सांगता "मार्काचं शुभवर्तमान, सोळा अध्याय, सोळा आठवडे" असं सांगितलं की भीती कमी होते, कारण शेवट दिसतो. सहा ते दहा माणसं, एक तास : दहा मिनिटं प्रार्थना, अर्धा तास वाचन आणि अर्थ, पंधरा मिनिटं चर्चा, पाच मिनिटं शेवट. उपासनेच्या वेळेशी टक्कर नको. दान गोळा करू नका. वडिलांना एखाद्या दिवशी मुद्दाम बोलवा.

अशा गटांचं बिघडतं ते हळूहळू. रविवारच्या उपदेशावर टीका सुरू होते, मग "आपल्याकडेच खरं शिकायला मिळतं" असं कुणी म्हणतं, घेणाऱ्याला ते गोड लागतं. योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या दियत्रफेसाबद्दल लिहिलंय की त्याला अग्रपद आवडत असे. ती आवड पदाशिवायही बाळगता येते, घरच्या सतरंजीवर बसूनसुद्धा. टीका सुरू झाली की तिथेच थांबवा आणि पाळकांसाठी प्रार्थना घ्या.

प्रश्न : मी नाही म्हणू शकत नाही हे कमिटीला ठाऊक आहे. साफसफाई, हिशेबाच्या नोंदी, मुलांचं शिबिर, सगळं माझ्यावर. तक्रार केली की "सेवेत समाधान मानावं" असं ऐकवतात. समाधान म्हणजे हेच का?

हे मुळीच नव्हे. "समाधान मानावं" हे वाक्य स्वतःला सांगायचं असतं. दुसऱ्याला गप्प करण्यासाठी ते वापरलं की त्याचा अर्थच उलटतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना समाधानाचा उपदेश केला नाही. तक्रार खरी मानली, सात माणसं नेमली आणि काम मार्गी लावलं. शरीराच्या अवयवांचा दाखलाही आपण नेहमी पायाला ऐकवतो, "तू हात नाहीस म्हणून रुसू नकोस." त्यात डोळ्यालाही बजावलंय की तू हाताला "मला तुझी गरज नाही" असं म्हणू शकत नाहीस. ते वाक्य कमिटीच्या बैठकीत वाचायचं आहे.

आता तुमच्या तीन कामांकडे वेगवेगळं पाहा.

हिशेब आणि मुलं ही दोन कामं नेमणुकीशिवाय करूच नका. इथे पद हा मान नसून संरक्षण आहे, तुमचंही. पैशाला नेहमी दोन माणसं हवीत, एकाच घरातली नकोत. मोजणी जागेवरच, आकडा कागदावर, दोघांच्या सह्या त्याच दिवशी. मंडळीचा पैसा तुमच्या खात्यातून एक दिवससुद्धा फिरता कामा नये. यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत पौलानेही एकट्याने नेली नाही. कुणी दोष लावू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेले सोबती घेतले, आणि दुसऱ्या करिंथकर पत्राच्या आठव्या अध्यायात तसं कारणासकट लिहून ठेवलं. मुलांच्या बाबतीत : कधीही एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत नको, दोन मोठी माणसं कायम, पालकांची परवानगी लेखी, आणि या कामाला तुमची नेमणूक झाल्याची कमिटीच्या इतिवृत्तात नोंद. नोंद करायला कमिटी तयार नसेल तर नम्रपणे काम परत करा.

साफसफाईचं काम तुम्ही ठेवू शकता, पण मुदत घाला. सहा महिने, महिन्यातून दोनदा, असं ठरवून लिहून द्या. "नाही" म्हणताना कारणांची रांग लावू नका, प्रत्येक कारणावर उपाय सुचवला जातो आणि शेवटी तुम्ही हो म्हणता. "ऑगस्टपर्यंत हे करेन, त्यानंतर माझ्याकडून होणार नाही" एवढं वाक्य पुरेसं आहे. आणि दुसरं माणूस तयार करा : पहिला महिना ते बघेल, दुसऱ्यात दोघं मिळून, तिसऱ्यात ते करेल आणि तुम्ही बघाल, चौथ्यात तुम्ही मागच्या बाकावर बसाल. चौथा महिना सगळ्यात अवघड जातो. झाडू कोपऱ्यात नीट ठेवला नाही हे दिसतं आणि उठावंसं वाटतं. उठू नका.

प्रश्न : लोक मला "ब्रदर" म्हणतात, "साहेब" म्हणत नाहीत. आमच्याच मंडळीत दुसऱ्यांना म्हणतात.

मत्तय २३, आठवी ओवी : तुम्ही सगळे भाऊ आहात. लोक तुम्हाला शास्त्रातल्या शब्दाने हाक मारतात. दुसऱ्यांची काळजी वाटू द्या.

प्रश्न : अठरा वर्षं मंडळीचा सेक्रेटरी होतो. वयामुळे पद सोडलं. आता रविवारी कुठे बसावं तेही कळत नाही. नवीन माणसं चुका करताना दिसतात, बोललो तर त्यांना आवडत नाही.

पद न मिळण्यापेक्षा पद सुटणं पुष्कळदा जास्त लागतं, कारण सवय हाडात शिरलेली असते.

आधी हस्तांतर पुरतं झालं का ते तपासा. चाव्या सगळ्या दिल्या का, घरी राहिलेला जादा जोडसुद्धा? वह्या, शिक्के, बँकेच्या सह्या, कॉम्प्युटरचे पासवर्ड, मंडळीच्या वॉट्सॲप गटाचं अॅडमिनपण? काही जणांकडे यातलं एखादं राहून जातं आणि ते मुद्दाम राहिलेलं असतं, हे स्वतःशी कबूल करावं. शेवटचा कागद दिल्यावर सहा महिने न विचारता सल्ला देऊ नका. फक्त तीन बाबतीत बोला : पैशाचा गैरव्यवहार, मुलांची सुरक्षितता, कायद्याची मुदत चुकणं. तेही एकट्यात, संबंधित माणसालाच. इतिवृत्ताची वही तुमच्यासारखी सुवाच्य नाही, ही चूक यात मोडत नाही. कुणी घरी येऊन "तुमच्या वेळी असं नव्हतं" म्हणालं तर विषय बदला. ही खुशामत नव्या सेक्रेटरीच्या मुळावर येते.

बसायचं म्हणाल तर जागा बदला, शक्यतो जिथून कमिटीचा बाक दिसत नाही तिथे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे त्याचे शिष्य तक्रार घेऊन आले होते की सगळे आता येशूकडे जातात, तेव्हा योहानाने स्वतःला नवऱ्या मुलाचा मित्र म्हटलं. लग्नात मित्राला काम नसतं असं नाही, पण मंडपात त्याच्याकडे बघायला कुणी आलेलं नसतं. अठरा वर्षांत तुम्हाला प्रत्येक घराची माहिती झाली आहे. वरच्या उत्तरातली प्रार्थनेची वही तुमच्याइतकी चांगली कुणी लिहू शकणार नाही.

प्रश्न : मी पाळक आहे. माझ्या मंडळीत वीसेक जण नाव न होता राबतात. त्यांना सगळ्यांना पदं देणं शक्य नाही. काय करावं?

पदं देऊच नका. "स्वागत विभाग सहसंयोजक" अशी पदं छापली की पुढच्या वर्षी "मग मी का नाही" हा प्रश्न तुमच्या दारात येतो.

कौतुक मात्र राहू देऊ नका. एपफ्रदीत हा फिलिप्पैच्या मंडळीचा माणूस पौलाची गरज भागवायला आला आणि मरणाच्या दारी पोचला. पौलाने त्याला परत पाठवताना मंडळीला स्पष्ट सांगितलं की अशांना मान द्या. सेवा करणाऱ्याने मानाची वाट बघू नये आणि ती सेवा पाहणाऱ्याने मान देण्यात कसूर करू नये, या दोन आज्ञा दोन वेगळ्या माणसांना आहेत.

प्रत्येकाला काम काय, किती वेळ आणि कधीपर्यंत हे चार ओळींत लिहून द्या. वर्षातून एकदा प्रत्येकाशी अर्धा तास बोला. वीस जण म्हणजे दहा तास, महिन्याला दोघं घेतली तर दहा महिन्यांत होतं. त्यात तीनच प्रश्न विचारा : काय जड जातं, काय बदलावं, थांबायचं आहे का. तिसरा प्रश्न विचारल्याशिवाय लोक थांबत नाहीत, मोडतात. ज्या कामाचा निर्णय घ्यायचा असेल ते काम करणाऱ्याला त्या बैठकीच्या तेवढ्या विषयापुरतं बोलवा. आभार मोघम मानू नका. "तुमच्या सेवेबद्दल धन्यवाद" यापेक्षा "पावसात तुम्ही आधी येऊन पायपुसणी बदलली, म्हणून म्हातारी माणसं घसरली नाहीत" हे त्याला वर्षभर पुरतं. आणि व्यासपीठावरून नावं वाचायचीच असतील तर यादी दोघांकडून तपासून घ्या. तरीही एखादं नाव राहिलंच, तर त्याच दुपारी त्या घरी जा. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका.